बारा टोपल्यांचा हिशेब

शास्त्रपाठ : योहान ६:१–१३, २ राजे ४:१–७



पाच भाकरी आणि दोन मासळ्या यांची गोष्ट आपल्या शब्बाथशाळेतल्या अगदी लहान मुलालाही पाठ असते. "किती लोक जेवले?" असे विचारले की सारा वर्ग एका सुरात सांगतो, "पाच हजार!" "किती टोपल्या उरल्या?" "बारा!" पण "त्या टोपल्या कोणी भरल्या आणि कशासाठी?" असे विचारा, म्हणजे वर्ग शांत होतो. मोठ्यांच्या वर्गात विचारले तरी फारसे निराळे घडत नाही. चमत्कार आपल्या ध्यानात राहतो. चमत्कारानंतरची आज्ञा वाचून आपण पुढे जातो.

ही आज्ञा चार शुभवर्तमानकारांपैकी एकट्या योहानाने नोंदली आहे. सर्व लोक तृप्त झाल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे जमा करावयास सांगितले, कारण काहीही वाया जाऊ नये अशी त्याची इच्छा होती. त्या ठिकाणी पुष्कळ गवत होते हेही योहान सांगतो. हे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. दिवस कलला आहे. हजारोंना वाढून शिष्य थकले आहेत. आणि आता वाकून वाकून गवतातून जवाच्या भाकरीचे तुकडे वेचायचे! एखाद्याच्या मनात आलेही असेल, की ज्याच्या हातून पाच भाकरींत एवढा समुदाय जेवतो, त्याला या तुकड्यांची काय पर्वा? उद्या भूक लागली तर तो पुन्हा देईलच.

परंतु प्रभूचे गणित तसे नव्हते. जो विपुल देतो, तोच वाया घालवू नका असे सांगतो. म्हणून काटकसर ही केवळ गरिबाच्या गळ्यात पडलेली सक्ती नव्हे. महिन्याला मोठा पगार येणाऱ्या घराला ती जितकी लागू आहे, तितकीच रोजंदारीवर चालणाऱ्या घरालाही. देवाच्या देणगीचा मान राखणे हे तिचे मूळ आहे.

आणखी एक गोष्ट पाहा. प्रभूने वाढताना हात आखडला नाही. ज्याला जितके हवे तितके मिळाले. तुकडे गोळा करण्याची आज्ञा सर्वांची पोटे भरल्यानंतरची आहे. कोणाच्या पुढ्यातले काढून टोपली भरली नाही. आधी तृप्ती, मग वेचणी, हा क्रम आपण नीट लक्षात ठेवू या; पुढे त्याचे काम पडणार आहे.

१. आपल्या घरातले तुकडे

आता आपल्या हुबळी-धारवाडच्या घरांकडे वळू. आपल्या घरात गवतात सांडलेले तुकडे कोणते?

पहिले पाणी. या जुळ्या शहरांना पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. मलप्रभेचे पाणी सौंदत्तीच्या धरणातून इथवर येते. २००८ च्या सुमारास काही निवडक वस्त्यांत चोवीस तास पाणी सुरू झाले. बाकीच्या पुष्कळ वस्त्यांनी मात्र पाच-पाच, आठ-आठ दिवस नळाची वाट पाहण्यात वर्षे काढली. तरीही आपल्याकडे एक विचित्र रीत दिसते. नळ आला की पिंपातले आधीचे पाणी "शिळे झाले" म्हणून मोरीत ओतून द्यायचे आणि नवे भरायचे. झाकून ठेवलेले पाणी एका रात्रीत निरुपयोगी होत नाही. पिण्यासाठी नवे भरावे, पण जुन्याने कपडे धुवावेत, फरशी पुसावी, तुळशी-कढीपत्त्याला घालावे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणीही झाडांना चालते. नळ ठिबकत असेल तर रात्री त्याच्याखाली लोटा ठेवा आणि सकाळी पाहा. वायसर बदलायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे काढायला आपल्याला कधीकधी वर्ष लागते.

दुसरी वीज. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळला तर तीस दिवसांत ९ युनिट होतात. नऊ वॅटच्या एलईडी दिव्याला तेवढ्याच वेळात दीड युनिटही लागत नाही. कर्नाटक सरकारने २०२३ साली गृहज्योती योजना आणली आणि २०० युनिटांच्या आत, ठरलेल्या मर्यादेपर्यंत वापरणाऱ्या घरांचे बिल माफ झाले. तेव्हापासून काही घरांत ऐकू येते, "आता काय, फुकटच आहे, राहू दे पंखा चालू." बंधूंनो, आपल्याला फुकट मिळाले म्हणजे ते कोणालाच काही पडले नाही असे होत नाही. कुठे रायचूरला कोळसा जळतो, कुठे काळी नदीचे पाणी अडवावे लागते. डोंगरावर वाटलेली ती भाकरीही फुकटच होती, आणि तुकडे वेचण्याची आज्ञा नेमकी त्याच फुकटच्या भाकरीविषयी आहे.

तिसरे स्वयंपाकघर. येथे आमच्या भगिनी आम्हाला शिकवतील, आम्ही त्यांना काय शिकवणार? तरी सुनांना आणि मुलींना सांगण्यासारखे थोडे लिहितो. तुरीची डाळ अर्धा तास भिजवून शिजत घालावी. पातेल्यावर झाकण ठेवावे. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच मंद करावी. मोठ्या आचेने पाणी जास्त गरम होत नाही, गॅस मात्र जास्त जातो. रब्बीची ज्वारी निघते त्या दिवसांत ती वर्षाची, निदान सहा महिन्यांची घ्यावी. चांगली वाळवून, कडुलिंबाचा सुकलेला पाला घालून ठेवावी. ब्याडगी मिरचीचेही तेच. हंगामात घेऊन उन्हे दाखवून ठेवलेली मिरची पावसाळ्यात पुड्या आणण्यापेक्षा स्वस्त पडते. एकट्याने पोते घेणे जमत नसेल तर तीन-चार घरांनी मिळून घ्यावे. आणि आपल्या उत्तर कर्नाटकातली कडक भाकरी विसरू नये. ज्वारीची भाकरी पातळ थापून कडक भाजून ठेवली की कितीतरी दिवस टिकते. वाया जाऊ नये म्हणून काय करावे हे या मुलखातल्या बायांना पुस्तकावाचून कळले होते.

चौथे कापड. फाटलेल्या लुगड्यांची, धोतरांची चवड एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी आपण सर्वांनी पांघरली आहे. आपले कानडी शेजारी तिला कौदी म्हणतात. आजीच्या लुगड्याचा काठ, बाबांच्या सदऱ्याची बाही, धाकटीचा परकर, सारे तिच्यात सापडते. दुकानातल्या कोणत्या पांघरुणात इतकी ऊब असते?

ही कामे लहान आहेत. पण थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते थेंबाथेंबाने आटतेही. उत्पन्न वाढत नाही म्हणून आपण प्रार्थना करतो. तशीच घरातली गळती दिसावी म्हणूनही करावी.

२. तेलाची घागर आणि सावकाराचे दार

पण हे सगळे कशासाठी? नुसते चार पैसे गाठीला बांधण्यासाठी? येथे २ राजे चौथ्या अध्यायातली विधवा आपल्यापुढे उभी राहते. तिचा नवरा देवभीरू होता, तरी मागे कर्ज ठेवून गेला. सावकार तिच्या दोन मुलांना दास करून न्यायला आला आहे. अलीशाने तिला काय विचारले? घरात काय आहे, हे. ती म्हणाली की तेलाच्या एका भांड्याशिवाय काही नाही. देवाने त्याच भांड्यातून शेजाऱ्यांची सारी भांडी भरली. मग अलीशाने खर्चाचा क्रम ठरवून दिला: तेल विकावे, आधी कर्ज फेडावे, आणि उरेल त्यावर तिने व मुलांनी जगावे.

चमत्काराचे तेलसुद्धा आधी कर्जाकडे गेले, हे आपल्या मंडळ्यांनी मनावर घेतले पाहिजे. कारण आपल्यातील पुष्कळ घरांची खरी गळती नळाची नसून व्याजाची आहे. ऋण काढून सण करू नये ही म्हण आपण मुलांना शिकवतो आणि नाताळचे कपडे हप्त्यावर आणतो. मुलीच्या लग्नात जेवणाच्या पंगती, बँड, मंडप यांवर एका दिवसात उडालेले पैसे फेडता फेडता तिच्या धाकट्या भावाचे शिक्षण थांबते.

साधा हिशेब करा. कोणी वीस हजार रुपये दरमहा शेकडा पाच व्याजाने काढले, तर महिन्याला एक हजार आणि वर्षाला बारा हजार फक्त व्याजाचे जातात. मुद्दल आहे तिथेच राहते. उलट दरमहा पाचशे रुपये पोस्टाच्या आवर्ती ठेवीत टाकले, तर पाच वर्षांत तीस हजार रुपये साठतात आणि त्यावरचे व्याज वेगळे मिळते. पोस्टात हे खाते महिना शंभर रुपयांवरही उघडता येते. पहिल्या घरात दर महिन्याला भीती येते, दुसऱ्या घरात थोडा धीर साठतो. आजारपण दोन्ही घरांत येईल. पण एक घर सावकाराच्या दारात जाईल आणि एक घर डॉक्टरच्या.

आपल्या प्रदेशाला ही गोष्ट नवी नाही. गदगजवळचे कणगिनहाळ हे गाव तेव्हा धारवाड जिल्ह्यात होते. तेथे १९०५ साली सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था उभी केली. देशातल्या अगदी पहिल्या अशा संस्थांमध्ये तिची गणना होते. सावकाराच्या व्याजाखाली पिचलेल्या गावाने थोडे थोडे एकत्र केले आणि एकमेकांना आधार दिला. ज्याला एकट्याला उभे राहता येत नाही, त्याला दहांनी मिळून उभे करायचे, हे त्या गावाने केले. प्रभूच्या नावाने दर आठवड्याला एकत्र येणाऱ्या मंडळीला ते अवघड का वाटावे?

३. काटकसर कोणाच्या ताटातून?

आता मघाचा तो क्रम आठवू या. आधी तृप्ती, मग वेचणी. आपल्या घरात तो पाळला जातो का?

घरखर्च कमी करायचे ठरले की पहिल्यांदा कोणाचे दूध बंद होते? बहुतेक घरांत आईचे. सर्वांची जेवणे झाल्यावर उरेल ते कोण खाते? तीच, किंवा नुकतीच आलेली सून. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या "एक दिवसाआड घेतल्या तर महिनाभर पुरतील" असे कोणी ठरवते, आणि मग एक दिवस दवाखान्यात वर्षाच्या गोळ्यांपेक्षा जास्त खर्च होतो. (औषध महाग पडत असेल तर डॉक्टरांना विचारून जन औषधी केंद्रातले त्याच गुणाचे स्वस्त औषध घ्यावे, पण गोळी चुकवू नये.) मुलीची शाळा थांबवून मुलाची चालू ठेवणे यालाही काही घरांत काटकसर म्हणतात. आणि साखरेचा डबा लवकर का संपला म्हणून पत्नीला बोलणारे आम्ही पुरुष स्वतःचा तंबाखू-गुटखा, बाहेरचा चहा कधी वहीत लिहितो का? रोज तीस रुपये धरा; महिन्याला नऊशे होतात.

तीच गोष्ट घराबाहेरची. हुबळीचा जनता बाजार असो की धारवाडचे सुपर मार्केट, उन्हात टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीशी कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपयांसाठी घासाघीस करायची, आणि काचेच्या दुकानात छापलेली किंमत मुकाट्याने द्यायची! धुणेभांडी करणाऱ्या बाईचे पैसे चार दिवस उशिरा दिले म्हणजे आपले काही वाचत नाही; तिच्या घरची चूल मात्र अडते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये असे मोशेचे नियमशास्त्र सांगते, आणि अडवलेली मजुरी देवाजवळ ओरड करते असे याकोब लिहितो. दुसऱ्याच्या ताटातला तुकडा उचलून आपली टोपली भरणे ही काटकसर नव्हे. तो कंजूषपणा, आणि कधीकधी चोरी.

काटकसरीच्या तोंडी भाषेचे सर्वात भयंकर उदाहरण योहानाच्याच बाराव्या अध्यायात आहे. बेथानीच्या घरात मरियेने मौल्यवान सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले. यहूदाने लगेच हिशेब मांडला, की हे तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिले नाही? हिशेब अचूक होता. पण योहान सांगतो की त्याला गरिबांची काळजी नव्हती. थैली त्याच्याजवळ असे आणि तो तिच्यातले पैसे चोरत असे. ज्या प्रभूने तुकडे वेचायला लावले, त्याच प्रभूने मरियेच्या त्या उधळणीला थांबवले नाही. म्हणजे हात कोठे आखडायचा आणि कोठे मोकळा सोडायचा, हे प्रीती ठरवते. आईच्या औषधात, लेकराच्या पुस्तकात, पाहुण्याच्या चहात आणि देवाच्या उपासनेत हिशेब आडवा येऊ नये.

४. टोपली कोणासाठी?

त्या बारा टोपल्या पुढे कोणाच्या घरी गेल्या हे शास्त्र सांगत नाही. आम्हाला वाटते, ते उत्तर प्रत्येक विश्वासणाऱ्या घराने द्यावे म्हणून ती जागा रिकामी ठेवली आहे.

मूर्ख श्रीमंताचेही कोठार भरलेले होते. त्याने वाया काहीच घालवले नव्हते, सर्व नीट साठवले होते. पण त्याच्या बोलण्यात माझे कोठार, माझे धान्य, माझा जीव यांपलीकडे दुसरे माणूसच नाही. मुंगीचा उद्योग त्याने शिकला, मुंगीचे वारूळ मात्र शिकला नाही. मुंगी एकटीसाठी साठवत नसते. चोरी करणाऱ्याने यापुढे स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत, आणि ते गरजवंताला द्यायला आपल्याजवळ काही असावे म्हणून, असे पौल इफिसकरांस लिहितो. मिळवणे, वाचवणे आणि देणे ही एकाच साखळीची कडी आहेत.

जॉन वेस्लीने पैशाच्या उपयोगावरील आपल्या प्रसिद्ध उपदेशात हीच तीन कडी जोडून दाखवली. दुसऱ्या एका उपदेशात त्याने ऑक्सफर्डच्या एका मेथडिस्ट तरुणाचा हिशेब सांगितला आहे. तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानतात. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड. २८ मध्ये निर्वाह केला, २ दिले. दुसऱ्या वर्षी मिळकत ६० झाली. निर्वाह पुन्हा २८ मध्येच, ३२ दिले. तिसऱ्या वर्षी ९० मिळाले, ६२ दिले. चौथ्या वर्षी १२० मिळाले, ९२ दिले. पगार वाढला की आपला पहिला विचार काय नवे घ्यावे हा असतो. त्या तरुणाचा पहिला विचार आता किती जास्त देता येईल हा होता.

आपल्याला इतके जमणार नाही, असे कोणी म्हणेल. मग मिझोरामच्या भगिनींकडे पाहा. तेथील प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० पासून एक रीत चालत आली आहे. स्वयंपाकासाठी तांदूळ काढला की गृहिणी त्यातली एक मूठ देवासाठी वेगळ्या भांड्यात टाकते. ते तांदूळ मंडळी गोळा करते, विकते आणि सुवार्तेच्या कामाला लावते. श्रीमंतांच्या देणग्यांवर नव्हे, तर चुलीपुढच्या मुठींवर तेथील कार्य वाढले. आपल्या महाराष्ट्रातही कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा गरीब मुलांच्या वसतिगृहासाठी घरोघरच्या बायांनी धान्याची मूठ बाजूला काढली. त्याला मुष्टिफंड म्हणत. आणि भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले. घरातल्या एका मुठीने कोणाची चूल विझली नाही. शेकडो मुलांचे दिवे मात्र लागले.

आज आपल्यापुढे एक नवी मूठ आहे. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसने प्रवास करणाऱ्या स्त्रियांना तिकीट लागेनासे झाले. आपल्या कितीतरी भगिनी कामासाठी, शिक्षणासाठी धारवाडहून हुबळीला, गावाकडून शहराला ये-जा करतात. समजा, एखादीचे रोज तीस रुपये वाचले. पंचवीस दिवसांचे साडेसातशे झाले. हे साडेसातशे कोठे गेले? ते वाचले, की न कळत दुसऱ्या कोठल्या खर्चात मुरले? जे वाचले ते वेगळे काढले नाही, तर ते वाचलेच नाही. म्हणूनच पौल करिंथकरांना सांगतो की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्याजवळ काही बाजूला काढून ठेवावे. उरेल तेव्हा देऊ, असे म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही.

५. या महिन्यात काय करावे?

घरातल्या वडीलधाऱ्यांनी एक साधी वही करावी. तिच्यात चार रकाने असावेत: घरखर्च, कर्जफेड, शिल्लक आणि दान. नवरा-बायको दोघांनी मिळून ती लिहावी आणि मोठ्या मुलांना दाखवावी. मुलांपासून लपवलेली तंगी त्यांना घाबरवते. सांगितलेली तंगी त्यांना शहाणे करते.

महिला मंडळाने मुठीचे एक भांडे सुरू करावे. त्यात काय जमले हे दर महिन्याला मंडळीत वाचून दाखवावे, आणि ते आपल्यातीलच एखाद्या विधवेला, आजाऱ्याला किंवा शाळेची फी अडलेल्या मुलाला पोहोचवावे. घेणाऱ्याचे नाव मात्र वाचू नये.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना "बारा टोपल्या" हे आठवड्याचे काम द्यावे. प्रत्येक मुलाने घरात वाया जाणाऱ्या गोष्टी शोधून त्यांची चित्रे काढावीत: ठिबकणारा नळ, रिकाम्या खोलीतला दिवा, ताटात टाकलेला भात, अर्धी लिहिलेली वही. पुढच्या रविवारी विचारावे, की यातल्या किती टोपल्या भरल्या, आणि त्या कोणाला द्यायच्या? मुले देतील ती उत्तरे घरच्या मोठ्यांनाही ऐकवावीत. लहान वर्गाला योहान ६:१२ पाठ करून घ्यावे.

त्या दिवशी डोंगरावर सर्वांत लहान माणसाने सर्वांत आधी दिले. त्या पोराची शिदोरी पाचच भाकरींची होती, आणि तीही गरिबांच्या जवाची. अंद्रियाला ती फारच थोडी वाटली. प्रभूने तिला थोडी म्हटले नाही. आपल्या घरातली एक मूठ, एक बसचे भाडे, एक वाचवलेले युनिट त्याच्या हातात पडले, तर त्यातून काय होईल हे आपण आज सांगू शकत नाही. वाकून वेचणे एवढेच आपले काम आहे.

प्रार्थना : हे प्रभू, तू आम्हाला रोजची भाकर देतोस. तिचा तुकडाही तुच्छ मानू नये असे मन दे. कर्जात अडकलेल्या घरांना मार्ग दाखव. आमच्या काटकसरीमुळे कोणाचे ताट रिकामे राहू नये, आणि आमची टोपली आमच्याच घरात अडून राहू नये, असे कर. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.